गव्हर्नरसाहेबांना उपाध्यक्ष हवा आहे

३ जून, सोमवार

ही वही माझ्या बायकोने, लोरेटाने, गेल्या नाताळात दिली. लिहिण्यासारखं काही घडेल म्हणून मी पाच महिने थांबलो होतो. आज घडलं.

गव्हर्नर रॉईस हॅडिक्स यांनी मला बोलावून घेतलं. पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी आता त्यांचीच, त्यात कुणाला शंका उरलेली नाही. ऑगस्टमधल्या अधिवेशनाआधी जोडीला उपाध्यक्षपदाचा उमेदवार शोधायचा आहे. शोधसमितीचा प्रमुख कोण? मी! वेंडेल प्रट, डेटनचा वकील, एकतीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं लिहिलेला.

आम्ही दोघं एका शाळेतले. वक्तृत्वस्पर्धेत ते बोलायचे आणि मी स्टॉपवॉच धरून वेळ मोजायचो. तेव्हा मी त्यांना रॉईस म्हणायचो, आता साहेब म्हणतो. मध्यंतरी एकदा चुकून ‘रॉईस’ म्हणालो, तर त्यांनी मागे वळून पाहिलं, तिथे आणखी कुणी उभं आहे का म्हणून.

“वेंडेल,” ते म्हणाले, “माझ्या भोवती सगळे हुशार लोक आहेत. प्रत्येकाला स्वतःचं मत आहे. मला बिनमताचा माणूस हवा होता, तेव्हा तू आठवलास.”

एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. घरी येऊन लोरेटाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, “आणि तू आभार मानलेस?”

“दोनदा,” मी म्हणालो.

४ जून, मंगळवार

दिवसभर प्रश्नावली केली. चौऱ्याऐंशी प्रश्न झाले. गुण शंभर: पन्नास अनुभवाला, पन्नास लोकांच्या ओढीला. उद्या अध्यक्षाला काही झालं तर देश सांभाळता आला पाहिजे, म्हणून अनुभव. आणि त्याआधी मुळात निवडून आलं पाहिजे, म्हणून ओढ. लोरेटाने विचारलं, समतोल बरोबर पन्नास-पन्नासच कसा? मी म्हणालो, कारण मला मत नाही.

६ जून, गुरुवार

पहिली भेट सिनेटर अमोस थ्रेलकिल यांच्याशी. वय शहात्तर, सिनेटमध्ये अडतीस वर्षं. राज्याराज्यांतल्या धरणांपासून परदेशी तहांपर्यंत त्यांना ठाऊक नाही असं काही नाही. दुपारी त्यांच्या पत्नीने टोमॅटोचं सूप आणि मीटलोफ वाढलं आणि मी प्रश्नांना सुरुवात केली.

बाराव्या प्रश्नाचं उत्तर एक तास चाळीस मिनिटं चाललं. हे मी घड्याळ पाहून सांगतो, कारण मधला काही भाग मला आठवत नाही. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर लोकरीची शाल होती आणि सिनेटर त्याच प्रश्नाच्या उत्तरात १९६१ पर्यंत पोचले होते.

“माफ करा,” मी म्हणालो.

“छे हो,” सिनेटर म्हणाले. “माझ्या भाषणात झोपलेल्यांची बेरीज केली तर एक राज्य होईल. पण जागे झाल्यावर मत मलाच देतात.”

अनुभव: ४९. एक गुण मुद्दाम कापला, माणसाला सुधारायला जागा असावी. ओढ: ४. त्यातले दोन खरं म्हणजे शालीचे.

११ जून, मंगळवार

लेक ऑर्लीन गावच्या महापौर जोझी कोवालचिक. वय त्रेचाळीस. आधी टीव्हीवर हवामान सांगायच्या, महापौर होऊन दोन वर्षं झाली आहेत. भेट अग्निशामक दलाच्या पॅनकेक-न्याहारीत ठरली होती. तिथे दोनशे लोक होते आणि दोनशेच्या दोनशे त्यांच्या गळ्यात पडत होते. एका म्हातारबाबांनी सांगितलं, “हिने गारा पडणार म्हणून सांगितलं ना, तरी बरं वाटायचं.”

बाई थेट माझ्याकडे आल्या. “वेंडेल ना? बसा, बसा. पाय का जपून टाकताय?”

मी त्यांना माझ्या गुडघ्याची सगळी हकीकत सांगितली. वीस मिनिटं. लोरेटालाही मी इतकं कधी सांगितलेलं नाही. गाडीत बसल्यावर कागद पाहिले, तर चौऱ्याऐंशीपैकी मी अकरा प्रश्न विचारले होते आणि बाईंनी मला तीसेक. माझ्या शाळेच्या बाईंचं नावही त्यांना आता माहीत आहे.

अनुभव: ६. ओढ: ५१. मग खोडून ५० केले.

१४ जून, शुक्रवार

गव्हर्नरसाहेबांना अहवाल दिला. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

“अनुभव!” ते म्हणाले. “वेंडेल, देश म्हणजे काही पॅनकेकची न्याहारी नव्हे. थ्रेलकिलना बोलाव. आम्ही दोघं पत्रकारांसमोर एकत्र बसू.”

किती ठाम माणूस! निर्णय असा घ्यावा.

१८ जून, मंगळवार

आज ती पत्रकार परिषद झाली. सुरुवात छान झाली. गव्हर्नरसाहेबांनी धान्यनिर्यातीच्या कराराबद्दल सांगितलं की तो एकाहत्तर साली झाला.

“बहात्तर,” सिनेटर हळूच म्हणाले.

“एकाहत्तर,” साहेब हसून म्हणाले.

“असेल बुवा. मी तेव्हा खोलीत होतो, पण खिडकीकडे बसलो होतो.”

पत्रकार हसले. पुढे साहेबांनी एका नदीचं नाव घेतलं, ती त्या देशात नव्हती. सिनेटरनी ती नम्रपणे तिच्या देशात परत नेऊन ठेवली. मग एका पंतप्रधानांना साहेबांनी ‘कैलासवासी’ म्हटलं, तर सिनेटर म्हणाले, “अरेच्चा, कधी? रविवारी तर आम्ही फोनवर बोललो.”

मी अतिशय खूश होतो. अनुभव म्हणतात तो हाच. परतताना गाडीत साहेबांना तसं सांगितलंही. त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, “त्याच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास येतो.”

मला आला नव्हता. पण माझ्या नाकाला पहिल्यापासून कमी कळतं.

“लोकांना ताजेपणा हवा असतो, वेंडेल. त्या हवामानवालीला बोलाव.”

२२ जून, शनिवार

स्ट्रॉबेरीच्या जत्रेत गव्हर्नरसाहेब आणि महापौरबाई एकत्र. काय दिवस होता! जसा घडला तसा लिहितो.

व्यासपीठावर साहेबांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या एक मिनिट पाच सेकंद. चांगल्याच म्हणायच्या. मग बाईंचं नाव पुकारलं: चार मिनिटं दहा सेकंद. स्टॉपवॉच मी खिशात नेलंच होतं. जत्रेच्या लाउडस्पीकरवाल्याने पुढे घोषणा केली की बक्षीस समारंभ जोझी आणि त्यांचे सोबती यांच्या हस्ते होईल. मी धावत जाऊन दुरुस्ती सांगितली, पण त्याला ‘हॅडिक्स’ नीट म्हणता येईना, मग त्याने ‘सोबती’च ठेवलं.

पहिलं बक्षीस क्लोटिल्ड नावाच्या डुकरिणीला होतं. वजन कितीतरी मण. साहेबांनी तिच्या गळ्यात निळी फीत घालायची आणि फोटो काढायचा, असं ठरलं होतं. साहेबांनी फीत पुढे केली, बँडवाल्याने झांज वाजवली आणि क्लोटिल्ड सुटली. दोरी धरणारा आडवा झाला, स्ट्रॉबेरीचं टेबल आडवं झालं, बँडमधला ढोल गडगडत पार तंबूपर्यंत गेला. साहेब कधी उडी मारून टेबलावर चढले ते मला दिसलंही नाही. वयाच्या मानाने कमालीची चपळाई. मी तशी नोंद केली.

आणि बाई? बाई आपल्या पांढऱ्या झग्यासकट सरळ चिखलात फतकल मारून बसल्या आणि त्यांनी हलकेच शीळ घातली. क्लोटिल्ड थांबली. आली, आणि बाईंच्या मांडीवर तोंड ठेवून उभी राहिली.

“डुकरं वादळाला घाबरतात,” बाई म्हणाल्या. “आपण वादळ नाही एवढंच त्यांना सांगायचं असतं.”

या वेळच्या टाळ्या: सहा मिनिटं. साहेब टेबलावरून उतरल्यावर मी लगेच तिन्ही आकडे त्यांना दाखवले. त्यांच्या हातात लिंबूसरबताचा कागदी पेला होता, तो आपोआप चुरगळला आणि सगळं सरबत बुटांवर गेलं. हलक्या प्रतीचे पेले वापरतात अशा ठिकाणी.

२३ जून, रविवार

सगळ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर तोच फोटो: बाई आणि क्लोटिल्ड. साहेबही आहेत, वरच्या कडेला त्यांचे बूट दिसतात. मी फोन करून अभिनंदन केलं.

“तिचं हसणं फार मोठं आहे,” साहेब म्हणाले. “नवीन नाव शोध.”

२ जुलै, मंगळवार

आठवडाभर कागदांत बुडालो आहे. साहेबांनी निकष नीट उलगडून सांगितले आहेत. अनुभव हवा, पण समोरच्याला दिसता कामा नये. लोकांची ओढ हवी, पण गव्हर्नर खोलीत नसताना. उंची साहेबांपेक्षा कमी. केस साहेबांपेक्षा विरळ. आवाज ऐकू येईल, पण लक्षात राहणार नाही असा.

साठ जणांची कागदपत्रं पाहिली. एका माजी गव्हर्नरांवर आशा होती, पण ते बासरी वाजवतात आणि लोक ऐकतात म्हणे.

जेवताना लोरेटाला सांगितलं. ती म्हणाली, “त्याला कोट अडकवायची खुंटी हवी आहे.”

मी तिला शांतपणे समजावलं की खुंटीला घटनेनुसार पस्तीस वर्षं पूर्ण असावी लागतात. ती खूप हसली. का, ते कळलं नाही.

५ जुलै, शुक्रवार

आज दोन फोन आले.

पहिला महापौरबाईंचा. “वेंडेल, खरं सांगा. त्या दिवशीच्या टाळ्या तुम्ही मोजल्यात?”

“अर्थात. चार मिनिटं दहा सेकंद.”

“आणि ते त्यांना सांगितलंत?”

“लगेच. सहा मिनिटंवाल्याही.”

पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. साहेबांचं निरीक्षण बरोबर आहे, हसणं मोठं आहे खरं. पण कानाला वाईट लागत नाही. शेवटी म्हणाल्या, “तुम्ही फार सरळ माणूस आहात हो. गुडघ्याला शेक देत जा. आणि माझे कागद परत पाठवून द्या, म्हणजे तुम्हाला ती वाईट बातमी सांगायची वेळ येणार नाही.”

दुसरा सिनेटर थ्रेलकिल यांचा. ते एवढंच म्हणाले, “मी एकाहत्तर म्हणायला हवं होतं, नाही का?”

“पण करार बहात्तरलाच झाला ना?”

“हो,” ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे आणखी काहीच बोलले नाहीत.

९ जुलै, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

साहेबांनी सकाळी तळ्यावर मासे धरायला नेलं. होडीत आम्ही दोघंच. तासभर एकही मासा लागला नाही. मग त्यांनी विचारलं, “वेंडेल, तुझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्यात?”

मी आठवून पाहिलं. “वकिलीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. पण नक्की नाही, त्याच वेळी केक आला होता.”

“भाषण करतोस?”

“आमच्या चर्चमध्ये एकदा केलं. पंखा दुरुस्त करण्याबद्दल.”

“मग?”

“पंखा तसाच आहे.”

साहेबांचा चेहरा उजळला. एवढ्या आठवड्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी गळ बाजूला ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वेंडेल, माझ्यासोबत तू उभा राहा.”

मी उभा राहिलो. होडी कलंडता कलंडता वाचली. बसल्यावर उलगडा झाला की ते उपाध्यक्षपदाबद्दल बोलत होते.

“पण साहेब, माझ्यात काय पाहिलंत?”

त्यांनी गळ पुन्हा पाण्यात सोडला. मग म्हणाले, “शांतता.”

१० जुलै, बुधवार

लोरेटा आधी हसली, मग जिन्यावर बसली, मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“हो म्हणालास?”

“नाही. आधी तपासणी झाली पाहिजे. नियम सगळ्यांना सारखा.”

“कोण करणार तपासणी?”

“मीच. समितीचा प्रमुख मी आहे.”

पण स्वतःच्या तोंडाने स्वतःला विचारणं बरं दिसेना. म्हणून प्रश्न लोरेटाने विचारले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी तीन तास लागले. परराष्ट्र धोरणाचा अनुभव? एकदा नायगाराच्या पलीकडे कॅनडात गेलो होतो, तिथे पावसाची छत्री विसरलो. संकटात निर्णय घेतलाय? तळघरात पाणी शिरलं तेव्हा मी लोरेटाला हाक मारली. “तो निर्णयच की,” लोरेटा म्हणाली आणि दोन गुण द्यायला निघाली. मी खोडले.

मग ओढ. मी स्वतःला तीन दिले, कारण शेजारच्यांचा कुत्रा येतो माझ्याकडे. लोरेटाने कागद ओढून घेतला आणि चाळीस लिहिले.

“हे पक्षपाती आहे,” मी म्हणालो.

“बत्तीस वर्षांचा संसार आहे,” ती म्हणाली. “पक्षपाती असणारच.”

ते चाळीस मी नियमाप्रमाणे खोडले, पण रबराने नाही. पेन्सिलीने हलकी रेघ मारली. खालचं वाचता येतं.

अनुभव: ०. ओढ: ३. शिफारस: अयोग्य.

११ जुलै, गुरुवार

साहेबांना अहवाल दिला. त्यांनी ‘अयोग्य’ शब्दावर दोनदा बोट फिरवलं. “उत्तम,” ते म्हणाले. “पुढच्या गुरुवारी जाहीर करू.”

“पण समितीची शिफारस—”

“समितीच्या प्रामाणिकपणाचा मला अभिमान आहे,” साहेब म्हणाले. समितीतर्फे मी आभार मानले.

१८ जुलै, गुरुवार

बेसबॉलच्या मैदानावर सहा हजार लोक आले होते. साहेबांनी भाषण केलं, टाळ्या दोन मिनिटं. मग माझं नाव पुकारलं. टाळ्या शून्य. मैदानात एवढी शांतता पसरली की झेंड्याची दोरी खांबावर आपटताना ऐकू येत होती. साहेब समाधानाने डोलत होते. मला वाटतं, तळ्यावर ते म्हणाले होते ती हीच.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “हा कोण?”

भाषण मला लिहून दिलेलं होतं, पण इतक्या साध्या प्रश्नाला उत्तर न देणं मला अशिष्ट वाटलं. शिवाय लोकांना अहवाल कळायला हवा. तो खिशात होताच.

“मी वेंडेल प्रट,” मी म्हणालो. “हाच प्रश्न समितीलाही पडला होता. समितीचा निकाल वाचतो. सिनेटर थ्रेलकिल, अनुभव एकोणपन्नास. महापौर कोवालचिक, लोकांची ओढ पन्नास, एक्कावन्न द्यायचे होते. वेंडेल प्रट: अनुभव शून्य, ओढ तीन. तिन्ही गुण एका कुत्र्याचे आहेत.”

कुणीतरी हसलं. मग आणखी काहीजण.

“समितीने प्रट यांना अयोग्य ठरवलं. समितीचा प्रमुख मीच होतो आणि मी नीट तपासलं. माझ्या पत्नीने चाळीस गुण दिले होते, ते मी कापले.”

“परत द्या!” एक बाई ओरडल्या. मग सगळं मैदानच ओरडायला लागलं, “परत द्या! परत द्या!”

“मग गव्हर्नरांनी तुमच्यात पाहिलं तरी काय?” पहिलाच माणूस पुन्हा ओरडला.

“शांतता,” मी म्हणालो.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक बाकांवर चढले. टोप्या हवेत उडाल्या. खारे शेंगदाणे विकणारा आपला ट्रे टाकून नाचत होता. लोरेटा पहिल्या रांगेत उभी राहून रुमालात रडत होती की हसत होती, ते एवढ्या लांबून कळलं नाही. मी सवयीने घड्याळ दाबलं होतं: अकरा मिनिटं वीस सेकंद. विक्रम. वळून साहेबांना दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन उंच धरला. भावनेच्या भरात इतका दाबला की दोन बोटं अजून सुजलेली आहेत.

२० जुलै, शनिवार

पोत्याने पत्रं येताहेत. सिनेटर थ्रेलकिल यांची तार आली, फक्त चार शब्दांची: ‘जागा राहून ऐकलं. अभिनंदन.’ महापौरबाईंनी गुडघ्यासाठी शेकायची पिशवी पाठवली आहे. पक्षातली माणसं म्हणतात की आता नाव बदलणं शक्यच नाही, लोक ऐकणार नाहीत. बदलण्याचा विषय निघाला कुठून, देव जाणे.

साहेबांची तब्येत बरी नसावी. भेटले तेव्हा रंग उतरलेला होता. अचानक म्हणाले, “वेंडेल, तुला बोट लागते का?”

“नाही, साहेब.”

“थंडी सोसते?”

“बऱ्यापैकी.”

“छान, छान,” असं म्हणत ते नकाशाच्या खोलीत गेले.

२४ जुलै, बुधवार

केवढा विश्वास! प्रचाराची सगळ्यात नाजूक आघाडी साहेबांनी माझ्या हाती दिली आहे: अलास्काच्याही पलीकडची बेटं. तिथे आजवर कुठल्याच पक्षाचा उमेदवार गेलेला नाही, असं ते म्हणाले. टाचणी त्यांनी स्वतः टोचली, आणि नकाशा संपत आला म्हणून ती चौकटीच्या लाकडात घुसली. परतीची बोट अधिवेशनाच्या आदल्या दिवशी.

लोरेटाही येते आहे. लोकरीचे मोजे भरता भरता मध्येच खाटेवर बसून हसते. विचारलं, तर म्हणते, “काही नाही रे. ते चाळीस मी पन्नास करायला हवे होते.”

साहेबांकडून निघताना त्यांनी विचारलं होतं, “पहिल्या बेटावर माणसं किती?”

“अडतीस,” मी सांगितलं.

“अडतीस,” ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी मनमोकळे हसले.

दुपारी त्या बेटावरच्या पोस्टमास्तरीणबाईंचा फोन आला. रेडिओवर त्यांनी माझं भाषण ऐकलं म्हणे. अडतीसच्या अडतीस जण धक्क्यावर येणार आहेत, शेजारच्या चार बेटांवरूनही होड्या निघाल्या आहेत, आणि एका वृत्तसंस्थेचे कॅमेरेवाले कालच येऊन त्यांच्या माळ्यावर राहिले आहेत. मी त्यांचे आभार मानले. मग साहेबांना कळवावं म्हणून फोन उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. का ते सांगता येत नाही. इतक्या दिवसांनी हसले होते बिचारे.